बहात्तर वर्षांत चार आमदार

कराड दक्षिण. विधानसभेच्या यादीतला क्रमांक २६०. १९५२ पासून २०२४ पर्यंत इथे सोळा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि त्यांतून आमदार निवडून आले अवघे चार. यशवंतराव मोहिते सहा वेळा, विलासराव पाटील-उंडाळकर सात वेळा, पृथ्वीराज चव्हाण दोन वेळा आणि अतुल भोसले एकदा. पहिल्या दोघांनीच मिळून बासष्ट वर्षे काढली. एवढ्या काळात मुंबईत किती सरकारे आली-गेली, काँग्रेस किती वेळा फुटली आणि जुळली याचा हिशेब ठेवताना अभ्यासकांची दमछाक होते. कराड दक्षिणचा आमदार मात्र बहुधा कालचाच असे.

अशी यादी पाहिली की शहरी वाचक लगेच निदान करतो : बालेकिल्ला, सरंजामशाही, मतदार झोपलेला. हे निदान मला पटत नाही. या पट्ट्यातला माणूस राजकारणाच्या बाबतीत झोपलेला असणे अवघडच. इथे विकास सोसायटीच्या निवडणुकीलाही रात्र जागवतात. चुरस भरपूर होती आणि आजही आहे. ती विधानसभेच्या मतपेटीत कमी आणि इतर पेट्यांत जास्त उतरत आली, एवढेच. त्या इतर पेट्या बाजूला ठेवून कराड दक्षिणचा निवडणूक इतिहास लिहायला घेतला, तर हाती चार नावे आणि काही आकडे यांपलीकडे काही लागत नाही.

आधी भूगोल. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. दक्षिण मतदारसंघाचे ढोबळ मानाने दोन तुकडे पडतात. एक कृष्णाकाठचा : रेठरे बुद्रुक, शेणोली, वडगाव हवेली, कार्वे अशा गावांचा. काळी जमीन, बारमाही पाणी, नजर जाईल तिकडे ऊस. दुसरा पश्चिमेकडे डोंगराच्या बाजूला सरकणारा, दक्षिण मांड नदीच्या खोऱ्याचा : उंडाळे, येळगाव, येवती. इथली जमीन हलकी, वाड्यावस्त्या विखुरलेल्या, आणि घरटी एखादा माणूस मुंबईला. पहिले आमदार नदीकाठच्या रेठऱ्याचे होते, दुसरे डोंगराकडच्या उंडाळ्याचे. तेवढ्यावर सगळे उलगडत नाही, पण सुरुवात तिथूनच करावी लागते.

मतदानाची सवय या भागाला १९५२ च्या आधीची आहे, मात्र ती मोजक्या लोकांपुरती होती. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा मताचा अधिकार शेतसारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटींवर मिळे. एका मतदारसंघातून अनेक सदस्य निवडले जात. जितक्या जागा तितकी मते मतदाराच्या हाती असत आणि वाटल्यास ती सगळी तो एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकू शके. प्रांतात काही जागा मराठा समाजासाठी राखीव होत्या, ही गोष्ट आज फारशी कुणाला आठवत नाही. त्या निवडणुकीत साताऱ्यातून काँग्रेसने वाळवा तालुक्यातल्या बोरगावच्या आत्माराम पाटलांना उमेदवारी द्यावी म्हणून धडपडणाऱ्या तरुणांत पंचविशीही न गाठलेले यशवंतराव चव्हाण होते. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी ती हकिकत लिहिली आहे. पाटील निवडून आले. शेतकरी घरातला, मळलेल्या धोतरातला माणूस विधानसभेत जाऊ शकतो, हे सातारकरांनी तेव्हा पाहिले.

मग १९४२ आले. २४ ऑगस्टला कराडच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला. त्याचे नेते होते उंडाळ्याचे बाळकृष्ण पाटील, म्हणजेच दादा उंडाळकर. पुढच्या तीन आठवड्यांत तासगाव, वडूज, इस्लामपूर इथे मोर्चे निघाले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसे पडली. त्यातूनच पुढे नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. ही पार्श्वभूमी केवळ शोभेची नाही. स्वातंत्र्यानंतर या भागातल्या निवडणुकांत जे उभे राहिले, त्यांतले बहुतेक या चळवळीतून आलेले किंवा तिच्या घरातले होते. इनामदार-संस्थानिकांच्या वाड्यांतून आलेली माणसे इथल्या राजकारणात फार पुढे सरकली नाहीत.

१९४९ मध्ये संस्थाने विलीन झाली आणि साताऱ्याचे उत्तर सातारा, दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. कराड उत्तरेकडे राहिला आणि वाळवा दक्षिणेकडे गेला. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. कागदावर कराड आणि वाळव्यामध्ये जिल्ह्याची सीमा आली. ऊस, सोयरीक आणि राजकारण यांनी ती कधी मनावर घेतली नाही. पुढे ज्या साखर कारखान्याचा विषय येणार आहे, त्याचे सभासद आजही कराड, वाळवा, कडेगाव असे दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहेत.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५२ ची. आज मतदान यंत्रावरचे बटण दाबणाऱ्याला सांगितले तर खरे वाटणार नाही, पण तेव्हा मतपत्रिकेवर उमेदवारांची नावेच नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. मतदाराने कोरी पत्रिका घेऊन आडोशाला जायचे आणि आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. काँग्रेसची बैलजोडी होती. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला बैलजोडी सोडून दुसऱ्या पेटीत पत्रिका टाकायला लावणे हे सोपे काम नव्हते. कराड दक्षिणमध्ये ते यशवंतराव मोहित्यांनी केले. ते शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, होते. काँग्रेस भांडवलदारांच्या आणि शहरी पुढाऱ्यांच्या हाती गेली, या रागातून केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी काढलेला हा पक्ष. सातारा जिल्ह्यातले कितीतरी हुशार तरुण त्यात गेले. यशवंतराव चव्हाण काँग्रेसमध्ये राहिले. म्हणजे एकाच तालुक्यात, नदीच्या दोन अंगांना, दोन यशवंतराव. (जाता जाता : याच वर्षी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. १९५२ हे साल कराडच्या मातीला लाभलेले दिसते.)

या दोन यशवंतरावांची गोष्ट १९५७ मध्ये टोकाला गेली. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले, मुंबई द्विभाषिक राज्याच्या मुख्यमंत्रिपदी यशवंतराव चव्हाण, आणि पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट. उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर खुद्द क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे निवडून गेले. मुख्यमंत्री आपल्या कराड उत्तरेत शेकापच्या केशवराव पवारांसमोर उभे होते आणि दोन हजारांच्या आतल्या मताधिक्याने कसेबसे तरले. शेजारच्या दक्षिणेत मोहिते शेकापकडून पुन्हा निवडून आले. चव्हाण तेव्हा पडले असते तर महाराष्ट्राचा पुढचा इतिहास कसा गेला असता, हा कराडच्या पारावरचा जुना खेळ आहे. मी त्यात पडत नाही. इतके मात्र खरे की या निकालानंतर चव्हाणांनी शेकापमधल्या कर्त्या माणसांना आपल्याकडे वळवण्याचे काम जोमाने हाती घेतले.

१९६२ मध्ये मोहिते काँग्रेसचे उमेदवार होते. माणूस तोच, मतदार तेच, फक्त पेटी बदलली. इथून २०२४ पर्यंत हा मतदारसंघ काँग्रेस परिवाराबाहेर गेला नाही, असे म्हणता येते. पण मुळात तो काँग्रेसकडे आला तोच एका विरोधकाच्या पायांनी. बालेकिल्ला म्हणताना हे ध्यानात ठेवावे. मोहिते पुढे राज्यात मंत्री झाले. परिवहन, सहकार अशी खाती त्यांनी सांभाळली. एकाधिकार कापूस खरेदी योजनेचे श्रेय त्यांना दिले जाते. ऊसपट्ट्यातला आमदार आणि विदर्भाच्या कापसाची योजना, हा योग विरळाच. लोक त्यांना ‘भाऊ’ म्हणत. वाचन दांडगे, स्वभाव करारी, आणि मनात शेकापची डावी वळणे शेवटपर्यंत.

१९८० च्या जानेवारीत मोहिते इंदिरा काँग्रेसकडून कराडचे खासदार झाले. त्याच निवडणुकीत यशवंतराव चव्हाण अर्स काँग्रेसकडून साताऱ्यातून निवडून आले, त्या पक्षाचे महाराष्ट्रातले एकमेव. पुन्हा दोन यशवंतराव दोन तंबूंत. विधानसभेची जागा मोकळी झाली आणि त्याच वर्षी दादा उंडाळकरांचे चिरंजीव विलासराव आमदार झाले.

विलासकाकांची सात वेळची कारकीर्द हा खरे तर स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. १९८० ते २०१४ या चौतीस वर्षांत त्यांनी जे उभे केले, त्याला भाषणबाजीची गरज नव्हती. जिल्हा मध्यवर्ती बँकेत ते अनेक दशके संचालक होते आणि बराच काळ बँकेची सूत्रे त्यांच्या हाती होती. गावच्या विकास सोसायटीला पीककर्ज बँकेकडून येते, सोसायटीचा अध्यक्ष कोण व्हायचा हे गट ठरवतो, आणि गटाचा धागा उंडाळ्यापर्यंत जातो. डोंगरी भागातल्या माणसाला कारखान्याचा आधार नव्हता. त्याला पाझर तलाव, रस्ता, सोसायटी, शाळेतली नोकरी हवी होती. काका पहाटे उठून भेटत, लग्नाला-मयताला जात, गावोगावच्या माणसांना नावाने ओळखत. १९९९ मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली आणि सातारा जिल्हा जवळजवळ सगळा तिकडे गेला. कराडचे खासदार पृथ्वीराज चव्हाण काँग्रेसमध्ये राहिले आणि श्रीनिवास पाटलांकडून पडले. उंडाळकरही काँग्रेसमध्येच राहिले आणि निवडून आले. मग मंत्रीही झाले. लाट खासदाराला घेऊन गेली, आमदाराला हलवू शकली नाही. लोकसभेचे मत पक्षाला पडते आणि विधानसभेचे गटाला, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेले नाही.

मग या काळात भांडण होते कुठे? रेठरे बुद्रुकला. कृष्णा सहकारी साखर कारखाना मोहित्यांच्या पुढाकारातून उभा राहिला आणि त्याची धुरा त्यांचे सख्खे बंधू जयवंतराव भोसले यांच्याकडे गेली. (भाऊ सख्खे, आडनावे वेगळी, दत्तक गेल्यामुळे.) ‘अप्पां’नी कारखाना वाढवला, त्याच्या भोवती शिक्षणसंस्था काढल्या, मलकापूरला कृष्णा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. आणि १९८९ मध्ये थोरल्या भावाने धाकट्याविरुद्ध पॅनेल उभे करून कारखाना जिंकून घेतला. विधानसभेला सात निवडणुकांत बदल झाला नाही. कारखान्यात मात्र त्यानंतर सत्ता हातोहात फिरत राहिली. २०१० मध्ये अविनाश मोहित्यांच्या नव्या पॅनेलने जुन्या दोन्ही घराण्यांना बाजूला सारले. २०१५ मध्ये जयवंतरावांचे पुत्र सुरेश भोसले परत आले. २०२१ मध्ये यशवंतरावांच्या घरातला आणि अविनाश यांचा अशा दोन्ही मोहिते गटांना एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले, ते जमले नाहीत, आणि भोसल्यांच्या सहकार पॅनेलने एकवीसपैकी एकवीस जागा घेतल्या.

कारखान्याची निवडणूक इतकी तापते, त्याला कारण आहे. आमदार पडला तर शेतकऱ्याच्या उसाला तोड लवकर मिळत नाही की उशिरा मिळत नाही. अध्यक्ष बदलला की मिळते किंवा चुकते. नोंद कधीची लागली, टोळी कधी आली, पहिली उचल किती, सभासदाला स्वस्त साखर किती किलो, मुलाला कारखान्यात चिकटवता येईल का, हे प्रश्न त्या मताला लोंबकळलेले असतात. कारखान्याच्या मतदाराला आपल्या मताची किंमत रुपयांत मोजता येते. ज्या निवडणुकीत हरल्याचा फटका थेट बसतो, तिथे माणूस जास्त विचार करतो आणि जास्त बदलतो. विधानसभेत तो सवयीचे नाव निवडतो.

बँकेची निवडणूक याहूनही नाजूक. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिल्हा बँकेच्या कराड सोसायटी गटात तेव्हाचे सहकारमंत्री, कराड उत्तरचे आमदार बाळासाहेब पाटील आणि विलासकाकांचे पुत्र उदयसिंह समोरासमोर आले. निकाल ७४ विरुद्ध ६६. एका मंत्र्याची प्रतिष्ठा आठ मतांवर. त्याच निवडणुकीत जावळीतून आमदार शशिकांत शिंदे एका मताने पडले. लाखांनी मते घेणारी ही माणसे पाच-पन्नास सोसायटी प्रतिनिधींच्या मागे रात्रंदिवस फिरत होती.

आता पुन्हा विधानसभा. २००८ च्या पुनर्रचनेने सातारा जिल्ह्याच्या जागा दहावरून आठ झाल्या, कराडचा लोकसभा मतदारसंघच मोडला, आणि आधी उत्तरेत असलेले कराड शहर दक्षिणेत आले. शहराला लागून मलकापूर वाढतच होते, चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून त्याचा बोलबाला होता. डोंगरी गटाच्या बळावर उभ्या असलेल्या मतदारसंघात सोसायटीचा सभासद नसलेला, पगारदार, सदनिकेत राहणारा मतदार हजारोंनी आला. २००९ मध्ये काका तरीही निवडून आले. पण पाया बदलला होता.

२०१० मध्ये पृथ्वीराज चव्हाण दिल्लीहून मुख्यमंत्री म्हणून आले आणि विधान परिषदेवर गेले. २०१४ मध्ये त्यांना विधानसभा लढवायची होती. घरची जागा म्हणजे कराड दक्षिण, आणि तिथे स्वपक्षाचा सात वेळचा आमदार. काँग्रेसने तिकीट चव्हाणांना दिले. काका पंचाहत्तरी ओलांडल्यावर अपक्ष उभे राहिले, आणि भाजपकडून आले जयवंतराव भोसल्यांचे नातू अतुल. चव्हाणांना ७६,८३१, उंडाळकरांना ६०,४१३, भोसल्यांना ५८,६२१. राज्याचा माजी मुख्यमंत्री जिंकला, पण त्याच्या विरोधात पडलेली मते त्याच्या मतांहून कितीतरी जास्त होती.

२०१९ मध्ये तेच तिहेरी चित्र. चव्हाण ९२,२९६, अतुल भोसले ८३,१६६, अपक्ष उदयसिंह पाटील २९,४०१. कार्यकर्त्यांच्या तोंडी चव्हाण म्हणजे बाबा आणि भोसले म्हणजे अतुलबाबा, त्यामुळे बाहेरगावच्या पत्रकारांचा थोडा गोंधळ उडे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये चव्हाण आणि उंडाळकर एका व्यासपीठावर आले, वैर मिटल्याचे जाहीर झाले. दोनच महिन्यांत, ४ जानेवारी २०२१ ला, विलासकाका गेले.

कागदावर आता चव्हाणांची जागा भक्कम झाली होती. त्यांची ९२ हजार आणि उंडाळकरांची २९ हजार, बेरीज सव्वा लाखाच्या घरात. राजकारणात अशा बेरजा करणारे दर पाच वर्षांनी तोंडघशी पडतात. २३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल : अतुल भोसले १,३९,५०५, पृथ्वीराज चव्हाण १,००,१५०. फरक ३९,३५५. लक्षात घ्यायची गोष्ट ही की चव्हाण हरले तेव्हा त्यांना आपल्या दोन्ही विजयांपेक्षा जास्त मते होती. २०१९ च्या तुलनेत त्यांची मते सुमारे आठ हजारांनी वाढली, भोसल्यांची छप्पन्न हजारांनी. कोणाचे मत कुठे गेले हे गुप्त मतदानात सांगता येत नाही, पण उंडाळकर गटाची मते जर अख्खी चव्हाणांकडे आली असती तर त्यांची वाढ आठ हजारांवर थांबली नसती. काकांचा गट काकांचा होता. तो वारशाने दिला गेला तरी घेणाऱ्याच्या हाती पूर्ण येतोच असे नाही.

लाडकी बहीण योजना, राज्यभर महायुतीची लाट, हिंदुत्वाचा प्रचार ही कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीला गेल्या. कराड उत्तरेत पाच वेळचे बाळासाहेब पाटीलही पडले. पण लाट हे पूर्ण उत्तर असते तर शेजारच्या सांगलीतही सगळे वाहून गेले असते. तिथे इस्लामपूरला जयंत पाटील, तासगाव-कवठेमहांकाळला रोहित पाटील आणि पलूस-कडेगावला विश्वजीत कदम टिकले. तिघांच्याही मागे कारखाना, शिक्षणसंस्था किंवा वडिलांचा अजून न विस्कटलेला गट होता. कराड दक्षिणेत कारखाना, रुग्णालय आणि विद्यापीठ ज्याच्या घरात होते, तो २०२४ मध्ये लाटेच्या बाजूला उभा होता. चव्हाणांच्या हाती स्वच्छ प्रतिमा होती, मोठे नाव होते, मुख्यमंत्री असताना आणलेली कामे होती; गावोगाव सभासद असलेली एकही संस्था नव्हती. माझ्या मते निकालाचे मूळ इथे आहे. तिहेरी लढतीत ही उणीव दोनदा झाकली गेली, सरळ लढतीत उघडी पडली.

त्यामुळे २०२४ मध्ये कराड दक्षिणेत क्रांती झाली, असे मी म्हणणार नाही. चौथा आमदार हा पहिल्या आमदाराच्या सख्ख्या भावाचा नातू आहे. पक्षाचे चिन्ह नवे आहे, रेठऱ्याचे घर जुनेच आहे. १९६२ मध्ये मोहित्यांनी शेकापचा मतदार काँग्रेसमध्ये नेला, तसाच कारखान्याचा मतदार भोसल्यांनी भाजपमध्ये नेला. नवे काही असेल तर ते शहरात आणि मलकापुरात आहे. तिथला मतदार कोणत्याही गटाच्या वहीत नाही आणि त्याची संख्या दर निवडणुकीला वाढते आहे. तो कुणाचा, हे अजून ठरलेले नाही.

कराड दक्षिणच्या पुढच्या आमदाराचा अंदाज ज्याला घ्यायचा असेल, त्याने वाहिन्यांवरचे कल पाहण्यात वेळ घालवू नये. कृष्णा कारखान्याच्या पुढच्या निवडणुकीत किती पॅनेल उभी राहतात आणि जिल्हा बँकेच्या कराड सोसायटी गटात अर्ज कोण मागे घेतो, एवढ्या दोन गोष्टी नीट पाहाव्यात.